कानांचा कौल

ॲनालॉग रसिकांच्या कानांचं कौतुक करावं तेवढं थोडं. डिजिटल आवाज 'कोरडा', तबकडीचा 'उबदार', हे ते डोळे मिटून सांगतात. २०२२ मध्ये ॲनालॉग तबकड्यांसाठी नावाजलेल्या अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या अभियंत्यांनी कबुली दिली, की मूळ टेप आणि तबकडी यांच्यामध्ये डिजिटल फाइल असते; बऱ्याच तबकड्यांत, २०११ पासून. तोवर सव्वाशे डॉलरला भरघोस ऊब मिळत होती. कबुली आली आणि ऊब गेली! थोडक्यात, ऊब खोबणीत नसून वेष्टनावरच्या मजकुरात असते. तेव्हा कंपन्यांनी यापुढे नुसतं वेष्टनच विकावं, ठळक टाइपात. सुईही झिजायची नाही. ग्राहकांनी मात्र कंपनीवर दावे ठोकले. तडजोडीत ठरलं: तबकडी परत करा, पूर्ण पैसे घ्या; तबकडी ठेवलीत, तर फसवणुकीपोटी पाच टक्के रोख.