रविवारी येणाऱ्या सुट्टीस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती सुट्टीबाई,
मुक्काम : कॅलेंडरातला लाल रकाना.

विषय : ऐन रविवारी येऊन बसण्याच्या आपल्या सवयीबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, तुमचं वागणं आता हाताबाहेर चाललं आहे. नवं कॅलेंडर घरात आलं की मराठी माणूस राशिभविष्य नंतर वाचतो, मागच्या पानावरची पाककृती तर त्याहूनही नंतर. आधी तो तुम्हाला शोधतो. 2026चं कॅलेंडर मीही तसंच चाळलं. महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला, रविवारी. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. स्वातंत्र्यदिन शनिवारी. आणि 1 मेला तर तुम्ही कमालच केलीत, महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच शुक्रवारी! दोन सुट्ट्या एका दिवसात उरकायच्या, ही काटकसर तुम्हाला कोणी शिकवली? 2025मध्ये दसरा आणि गांधीजयंती एकाच 2 ऑक्टोबरला आणून हाच प्रयोग केला होतात. काही मंडळींना त्या संध्याकाळचं सीमोल्लंघन कोरडंच करावं लागलं, असं ऐकतो. ती तक्रार माझी नव्हे, पण नोंद असावी.

तुमचा कायदेशीर पायाही मी तपासून पाहिला. राज्य सरकार तुम्हाला जाहीर करतं ते 1881च्या परक्राम्य संलेख अधिनियमातल्या कलम 25चा आधार घेऊन. हा कायदा मुळात धनादेश, हुंडी आणि वचनचिठ्ठ्यांचा. म्हणजे आमची होळी, आमचा पाडवा हे सगळं हुंडीच्या भरवशावर चाललं आहे! त्याच कलमात असंही स्पष्ट म्हटलं आहे की, सार्वजनिक सुट्टीत रविवार धरलेलाच आहे. मग जी सुट्टी आधीच आहे तिच्यावर दुसरी सुट्टी जाहीर करून नक्की काय साधतं, हे कृपया उलट टपाली कळवावं.

आणि रविवार तुमच्या मालकीचा नाही, बाई. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याला हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884मध्ये कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे 1890मध्ये मालकांनी रविवार दिला. एवढ्या भांडणाने मिळालेल्या वारावर, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशा, तुम्ही आयत्या येऊन बसता.

बरं, येता ते एकट्या येता का? रविवारची महाशिवरात्रच घ्या. रविवार हा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत मटणाचा वार. त्या सकाळी दुकानापुढची रांग रताळ्यांच्या हातगाडीकडे वळवण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या कलमाने दिला? हेच मंगळवारी झालं असतं, तर साबुदाण्याची खिचडी, दुपारची झोप आणि वर एक दिवस ऑफिसला दांडी, असा तिहेरी लाभ होता. देवालाही दर्शनाची रांग मंगळवारी जरा आखूड मिळाली असती.

दिवाळीचा हिशेब तर मला अजून लागलेला नाही. लक्ष्मीपूजन रविवारी, पाडवा 10 तारखेला मंगळवारी. मधला सोमवार कोणाचा? चंद्राने अमावास्या लांबवली, त्यात ऑफिसचा काही दोष नाही, हे मान्य. पण 9 नोव्हेंबरला ऑफिसात काय होणार, ते मी आत्ताच सांगतो. निम्म्या लोकांना पित्त होईल. उरलेले एकमेकांच्या चकल्या चाखून कुणाच्या मोहनात तेल कमी पडलं यावर चर्चा करतील, आणि साहेब दर तासाला बाहेर येऊन माणसं मोजतील. सोमवारी रजा टाकावी, तर सँडविचचा नियम आहे. मागे एकदा मी तुमच्या दोन्ही बाजूंना रजा टाकली, तर आमच्या मनुष्यबळ विभागाने मधल्या तुम्हालाही माझ्या रजेत धरलं. तुमचा एवढा अपमान होऊनही तुम्ही गप्प राहिलात, याचं मला अजून वाईट वाटतं.

शनिवारबद्दल थोडं सौम्य लिहितो. 29 फेब्रुवारी 2020पासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हापासून तुम्हाला वाया जायला आणखी एक वार मोकळा झाला. बँकवाल्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांना सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, आणि यंदाचा 15 ऑगस्ट तिसरा शनिवार! आमच्या शेजारच्या बँकवाल्यांनी ही बातमी मला जिन्यात गाठून, आवाज खाली आणून सांगितली. तिकडे पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुढीपाडवा 19 मार्चला नेमका गुरुवारी टाकून तुम्ही त्यांचाही समाचार घेतलात. म्हणजे राग फक्त रविवारवाल्यांवर नाही, तुमच्याकडे सर्वधर्मसमभाव आहे.

माझा भाचा लंडनला असतो. तिकडे अशी सुट्टी शनिवार-रविवारी सापडली, तर बदली सुट्टी पुढच्या कामाच्या दिवशी मिळते. यंदा 26 डिसेंबर शनिवारी, म्हणून त्याला 28चा सोमवार. जपानने तर 1973मध्येच रविवारच्या सुट्टीची भरपाई कायद्यात घातली. हे त्याने फोनवर इतक्या आनंदाने सांगितलं की मी विषय बदलून पावसाचं विचारलं.

तुमचं सगळंच वाईट आहे असं नाही. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे पुढचे सण लांबले (जावईबापूंना अनारसे मिळतील ते निराळंच), आणि गणपती 14 सप्टेंबरला सोमवारी बसले. दसरा मंगळवारी, म्हणजे सोमवारी एक सीएल टाकली की सलग चार दिवस. अर्थात हा शोध अख्ख्या पुण्या-मुंबईला एकाच वेळी लागणार आणि त्यातले दोन दिवस खंडाळ्याच्या घाटात गाडीत बसून साजरे होणार, हेही दिसतंच आहे.

काळजी पुढच्या वर्षाची आहे. 2027मध्ये महाराष्ट्र दिन शनिवारी, गांधीजयंती शनिवारी, नाताळ शनिवारी आणि स्वातंत्र्यदिन रविवारी. त्या वर्षाबद्दल तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण 2028 हे लीप वर्ष आहे. त्या एका जादा दिवसाच्या धक्क्याने शनिवारचे हे तिन्ही दिवस रविवार ओलांडून थेट सोमवारी पडतात आणि 15 ऑगस्ट मंगळवारी येतो. तोपर्यंत कृपया कोणाच्याही सांगण्यावरून काही बदल करू नये.

कळावे,
आपला,
एक त्रस्त कॅलेंडरधारक

सोबत : दि. 14 ऑगस्ट 2028, सोमवारच्या सीएलचा अर्ज.
प्रत माहितीस्तव : मा. चंद्र, तिथी विभाग.