ओमालची अब्रू

लुकास मूडिसनने १९९८ साली दोन शाळकरी मुलींच्या प्रेमावर सिनेमा काढला आणि त्याच्या नावातच स्वीडनमधल्या ओमाल गावाला शिवी हासडली. प्रेम राहिलं बाजूला. कारभाऱ्यांना टोचलं ते नाव. बदलून घ्यायची खटपट झाली, फुकट गेली.

सिनेमातली एलिन मासिकात वाचते, की रेव्ह पार्ट्यांची फॅशन संपली. आमच्याकडे तर त्या अजून आल्याच नाहीत, म्हणून ती चिडते. (तालुक्याच्या गावी वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नकोच.) गंमत म्हणजे चित्रीकरण बहुतेक झालं ट्रोलहेट्टानमध्ये. रस्ते एकाचे, बदनामी दुसऱ्याची! पुढे इंग्रजी मुलखात सिनेमा ‘शो मी लव्ह’ झाला. शिवी गेली, तिच्याबरोबर ओमालही गेलं.