बटणाखालचा रंग

घरात कुणाला दिवस गेले की आधी डॉक्टरांची नावं निघतात आणि पाठोपाठ माळ्यावरची ट्रंक. बाळाला पहिले काही दिवस नवंकोरं घालायचं नाही, कुणाचं तरी वापरून मऊ झालेलं घालायचं, ही रीत अजून बऱ्याच घरांत आहे. त्यामुळे कुणा आजीनं, कुणा हौशी आत्यानं विणलेली टोपडी, मोजे, स्वेटर वर्षानुवर्षं पुढच्या बाळाची वाट बघत पडून असतात. ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा भपकारा येतो आणि मग सगळ्या जणी एकदम म्हणतात, "अगं बाई, हे तर पांढरं होतं!"

माझ्या भाचीला दिवस गेले तेव्हा असंच झालं. तिच्या स्वतःच्या जन्माआधी आत्यानं विणलेला स्वेटर आणि टोपडं निघालं, आणि उपाय सुचवायला घर अपुरं पडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, नीळ घाला. नीळ पिवळेपणा झाकते, काढत नाही. हात जरा सैल सुटला तर बाळ बारशालाच नीलकंठ दिसायचं. भाचीनं ब्लीचची बाटली आणली, ती मी काढून घेतली. लोकर म्हणजे केसासारखंच केराटिन. ब्लीचमध्ये ती पांढरी होण्याऐवजी आणखी पिवळी पडते आणि शेवटी विरघळून जाते. डाग काढणाऱ्या भारी पावडरींचंही तेच. त्यातलं जे एन्झाइम दुधाचा डाग खातं, ते लोकरीलाही सोडत नाही.

माझ्या ताईचं, म्हणजे भाचीच्या आईचं, औषध एकच, ऊन. पापड, गाद्या, लोणच्याच्या फोडी आणि तान्ही मुलं सगळी एकाच गच्चीवर वाढवलेली बाई ती. तिला हे पटवणं फार जड गेलं की सुती लंगोट उन्हात उजळतो, पण लोकर उन्हात पिवळी पडते. वर स्वेटरच्या बाहीवर हळदीचं एक बोट होतं आणि हळदीचा डाग उन्हात फिका होतो, हे तिला पक्कं ठाऊक. दोन्ही खरंच असल्यामुळे भांडण मिटेना. (त्या हळदीला मध्येच कुणीतरी साबण लावला आणि ती लाल झाली. साबणातल्या क्षारानं हळद लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण गरोदर मुलीच्या घरात कुणालाही लाल डाग दाखवू नये.)

डागांचा माझा अभ्यास असा, की बाळाच्या स्वेटरवर बाळाचे स्वतःचे डाग फार थोडे असतात. गळ्याशी लाळ आणि दुधाची गुळणी, एवढं त्याचं. बाकी पाठीवरचं मालिशचं तेल, कडेला पुसलं गेलेलं तीट-काजळ, ट्रंकेच्या बिजागरीचा गंज हे सगळं आपलं कर्तृत्व. तेल मुरून, हवा लागून चिवट पिवळं होतं. काजळ म्हणजे कार्बन, ते कशानंही पांढरं होत नाही. त्याची खटपट सोडून द्यावी. दृष्ट लागू नये म्हणूनच लावलं होतं ना!

एवढ्यात स्वेटरचं एक बटण दोऱ्यावर लोंबकळताना दिसलं. प्लॅस्टिकचं, बदकाच्या आकाराचं. नीट लावावं म्हणून मी ते उसवलं, तर खाली तेवढ्याच आकाराचं एक बदक उमटलेलं. ताजं, झगझगीत लिंबू रंगाचं. आजूबाजूचे सुलट टाके विटून मळकट झालेले आणि मधोमध हे बदक. सगळ्या गप्प. आत्याच म्हणाली, "बघताय काय? पिवळाच होता. तेव्हा मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक? गुलाबी घ्यायची की निळी? लिंबू कलर घेतला, झालं." मग आतापर्यंत तूही पांढरा पांढरा का करत होतीस, हे तिला विचारायची आमच्यात कुणाची टाप नव्हती.

टोपडं मात्र खरोखर पांढरं होतं. त्याला रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवलं, मग जखमा धुवायला मिळतं ते हायड्रोजन पॅरॉक्साइड भरपूर गार पाण्यात घालून त्यात. चोळायचं नाही, पिळायचं नाही. गरम-गार पाण्यात रगडलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. मग ते ठकीलाच घालावं लागतं. टॉवेलात गुंडाळून दाबलं आणि सावलीत आडवं वाळवलं. दुधाळ रंग आला. त्यापुढे मी गेले नाही, कारण ट्यूबलाइटसारखी पांढरी लोकर मेंढीच्या अंगावरही नसते.

डांबरगोळ्यांबद्दल मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वासात ठेवलेल्या कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याचं डॉक्टर सांगतात. ही कमतरता बाळाकडे बघून कळत नाही. गोळ्या फेकल्या. कसर लागते ती मळलेल्या, दूध सांडलेल्या जागी आधी. तेव्हा ठेवताना स्वच्छ धुऊन ठेवणं हेच खरं.

आता राहिला मूळ मुद्दा. बाळंतपण ठाण्यात, तेही मे महिन्यात. घामोळ्यांच्या दिवसांत हा स्वेटर घालणार कुणाला? भाची म्हणाली, "अगं मावशी, एसी असतो ना खोलीत. चोवीसवर."

"चोवीस?" आत्या ताडकन उठून बसली. "मग मोजे जाड हवेत," म्हणाली आणि ताईला लोकर आणायला पिटाळलं.