गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलणाऱ्यास खुले पत्र

यवतमाळ

मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीचा नियम 2001 साली बदलून देणारे, तुम्ही जे कोणी असाल त्यांस,



तुमचं नाव मला ठाऊक नाही. सरकारी कागदावर सही दिसते, दुरुस्ती सुचवणारा हात दिसत नाही. पण इतक्या थोड्या शब्दांत एवढं मोठं काम उरकणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा सापडायचा नाही, हे मी अगदी मनापासून म्हणतो.

1991च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन दुसऱ्या कामाला लावायची, तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, मैदानं-बागांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. उरलेला मालकाचा, त्यावर त्याने दुकानं काढावीत, कचेऱ्या बांधाव्यात, पैसा करावा, कोणाची ना नव्हती. जमीन होती सुमारे 600 एकर. 1996 साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे नकाशे एकत्र मांडून घरं, कामाच्या जागा आणि मैदानं शेजारी शेजारी कशी बसतात, हे दाखवलंही होतं.

मग तुम्ही आलात. वाटणी होईल ती फक्त मोकळ्या जमिनीची, असं तुम्ही लिहिलंत. शेड पाडल्यावर जी जागा मोकळी होईल ती वाटणीबाहेर. आता गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? साचेखाता, गोदाम, चिमणी, सगळं भिंतीला भिंत लावून. हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं मी मानत नाही. नेमकं माहीत होतं, म्हणूनच तसं लिहिलंत. आमच्याकडे रात्रीतून शेताचा धुरा कोरणारा शेजारी असतो. तो निदान वर्षाला वीतभरच सरकतो.

उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये तुमचा अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2006 रोजी तो उचलून धरला. कायद्याने तुम्ही सुटलात. माझ्या मनातून सुटलेला नाहीत.

यवतमाळच्या माणसाने यात का बोलावं, असं विचाराल. 1903च्या सुमारास इथून मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटरची शकुंतला रेल्वे धावू लागली ती कापसासाठी. आमच्या जीनमध्ये सरकी निघायची, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जायच्या, आणि मूर्तिजापूरला मोठ्या रुळांवर चढून त्या मुंबईला जायच्या. त्या गिरण्यांच्या भांडवलात आमच्या काळ्या मातीचा वाटा आहे. त्या जमिनीचं काय झालं, हे विचारायचा हक्क मी तिथूनच घेतो.

आणि तुम्ही जे पाडायला मोकळीक दिलीत, ते काय होतं ते ऐका. काम, घर, बाजार, करमणूक एका वस्तीत आणायची म्हणून आज सल्लागार नेमले जातात. लालबाग-परळला ते सगळं होतंच. चाळीतून गिरणीपर्यंत पायी जाता येत होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, जवळच व्यायामशाळा, पलीकडे भारतमाता टॉकीज. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना घरातल्या बायका डबे करून घालायच्या. त्याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं काम कायमचं गेलं. वस्ती तरीही तग धरून होती. तिला नवं काम हवं होतं आणि डोक्यावर तेच छप्पर.

त्याऐवजी 2005 मध्ये वस्त्रोद्योग महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना विकली गेली. टॉवर झाले, मॉल झाले, हजारो नोकरदार रोज तिथे उतरू लागले, आणि रस्ते, पूल मात्र गिरण्यांच्या काळातले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर 23 माणसं चेंगरून मेली. तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये 14 जण आगीत गेले. या मृत्यूंचा सगळा दोष तुमच्या माथी मारणार नाही. पुलाचे आणि परवान्यांचे जबाबदार वेगळे आहेत. पण तिथे माणसांना श्वास घ्यायला जी जागा राहणार होती, ती तुम्ही कापलीत. आणि कामगार? घरासाठी दीड लाखांच्या वर अर्ज, 2012च्या पहिल्या मोठ्या सोडतीत सात हजारांहून कमी घरं. आता त्यांना कर्जतच्या वाटेवरचं शेलू आणि वांगणी दाखवली जाते. जुलै 2025 मध्ये सत्तरी ओलांडलेली माणसं मुंबईतच घर द्या म्हणत आझाद मैदानावर बसली होती. परळमध्ये आयुष्य घातलेल्या माणसाला वांगणीला पाठवायचं, याला मी पुनर्विकास म्हणणार नाही.

तुमची मला भीती वाटते ती आता. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा-कळंब गाडी सुरू झाली. पुढे रूळ यवतमाळकडे येत आहेत. रेल्वे येईल तशा दत्त चौक, मेन लाईन, आठवडी बाजाराच्या आसपासच्या जागा डोळ्यांत भरतील. डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रित विकास नियमावली आमच्या नगर परिषदेलाही लागू आहे. चटई क्षेत्र वाढवून मिळतं, समावेशक आरक्षणात मालकालाही बांधता येतं. त्याला माझा विरोध नाही. खाली बाजार, वर घरं, अशी इमारत आम्हाला हवीच आहे.

पण जमिनीवर आज बसलेल्यांना आधी मोजा. 2014च्या फेरीवाला कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आहे, आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 1 लाख 16 हजार होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने जवळपास 2,900 जागा. हद्दवाढीनंतर त्याहून जास्त. त्या जागा तळमजल्यावर, रस्त्याला तोंड करून हव्यात. भाजीची टोपली घेऊन बसणारी बाई दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात धंदा करू शकत नाही. तिथे गिऱ्हाईक चढत नाही, आणि लिलावाची बोली तिला परवडत नाही. भाडेकरूंची यादी पाडकामाआधी नगर परिषदेच्या फलकावर लागावी, आणि त्यांचा करार मालकाच्या बांधकाम परवानगीला जोडलेला असावा.

विकास योजनेचा मसुदा किंवा नियमातला फेरबदल प्रसिद्ध झाला की हरकती नोंदवायला मुदत मिळते. 2001च्या दुरुस्तीचा कागद वाचणारे तेव्हा फार थोडे होते. तुमचा पुढचा कागद यवतमाळच्या नावाने निघाला, तर तो मराठीतून, प्रत्येक ओळीसकट, बाजारात वाचून दाखवला जाईल. ते काम मी पत्करलं आहे.

आपला,
यवतमाळचा एक रहिवासी