दोन कळांचा आखाडा

'डाइव्हकिक' या २०१३ सालच्या व्हिडिओ गेममध्ये मारामारीच्या खेळांचे विडंबन असून, त्यात उडी आणि लाथ अशा दोनच कळा आहेत व पहिली लाथ बसताच फेरी संपते. परंतु ज्यांची थट्टा केली त्या खेळाडूंनीच ती मनावर घेऊन स्पर्धा लढवल्या आणि उडीच्या उंचीवर गंभीर खल केला. कुंडलच्या मैदानात निकाली कुस्तीचा, म्हणजे गुणांवर नव्हे तर पाठ टेकवूनच ठरणाऱ्या लढतीचा, हट्ट धरणारा आणि खडाखडी, म्हणजे सुरुवातीची हातांची झटापट, लांबली की शिट्ट्या मारणारा सांगली-साताऱ्याचा शौकीन या गेमला विडंबन न मानता सुधारणाच मानील; उडीची कळ कशाला, एवढीच शंका तो काढील.