आधी पुरावा, मग पाना

आमच्या सोसायटीत कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना आतून कळतं. पाच मिनिटांत ते चपला फटफटवत पार्किंगमध्ये हजर. वीज मंडळात उभी हयात फॉल्ट शोधण्यात गेली. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. शर्टाच्या खिशात कायम टेस्ट लॅम्प. म्हणजे इंडिकेटरचा जुना बल्ब, त्याला डाग देऊन जोडलेल्या दोन वायरी आणि एका टोकाला दात पडलेली मगर-क्लिप. मुलाने मल्टिमीटर आणून दिलाय, तो ड्रॉवरमध्ये आहे. “मीटर भोळा असतो रे. गंजक्या जोडातूनही बारा व्होल्ट दाखवतो. बल्बला पेटायला खराखुरा करंट लागतो.”

माझ्या गाडीचा काटा चांदणी चौकात लाल रेघेला टेकला, तेव्हा मी हीटर लावून, घामाने निथळत, कसाबसा घरी आलो. काकांनी जबानी घेतली. “सिग्नलला वर, पळायला लागली की खाली? मग पाणी आहे. वारा नाही. पंखा.”

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने “साहेब, फॅन डायरेक्ट करून देतो” म्हटलं होतं, हे मी सांगायला नको होतं. डायरेक्ट! किल्ली फिरवली की पंखा सुरू, इंजिन गार असो की गरम. काकांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्यासमोर विजेच्या तारेवर आकडा टाकलाय. “आधी पुरावा, मग पाना,” ते म्हणाले. हे ते रोज म्हणतात. काकूंना मिक्सरबद्दलसुद्धा.

मग सुरू झाला तपास. हिरवा तीस अँपियरचा फ्यूज उन्हात धरून पाहिला, शाबूत. मोटरला बॅटरीवरून थेट दोन्ही वायरी दिल्या. पंखा भर्रकन फिरला. (“बोटं लांब! हा किल्ली काढल्यावरही न सांगता फिरतो.”) एसी लावला, कारण एसीबरोबर पंखा फिरायलाच हवा. फिरला नाही. आता रिले. काकांनी हात वर करून साऱ्या पार्किंगला गप्प केलं. वॉचमनने रेडिओ बंद केला. वरच्या कुणाच्या तरी कुकरला मात्र कोण सांगणार? “दे... बंद कर... दे... टक् झालं का?” मला झालं असं वाटलं. काकांना ‘वाटलं’ चालत नाही. त्यांनी शेजारचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून पाहिला, फरक नाही, पुन्हा मूळचा बसवला. एव्हाना माझा चहा गार झाला होता आणि त्यांचा दुसरा आला होता.

शेवटी त्यांनी पंख्याचा कनेक्टर सोडवला. लॅम्पचं एक टोक प्लसला, दुसरं गाडीच्या पत्र्याला: बल्ब पेटला. मग पत्र्यावरचं टोक उचलून कनेक्टरच्याच काळ्या वायरीत घातलं. बल्ब गप्प. काका माझ्याकडे बघून असे हसले, जणू पाहुण्यांनी मुलगी पसंत केलीय. “करंट येतोय. परतीची वाट नाही. अर्थ!” हेडलाइटमागच्या बोल्टखाली वायरीचं टोक शेवाळासारखं हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, वर काकूंच्या डबीतलं व्हॅसलीन. पंखा सुरू. खर्च शून्य, वेळ पावणेचार तास. काका किंचित खट्टू दिसले. संपलंच की.

दोन दिवसांनी हॉर्न वाजेना. पुण्यात हॉर्नवाचून मंडईतून घरी आलो, या शौर्याची कुणी दखल घेतली नाही. काकांना सांगितलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. “बॅटरीपासून सुरुवात करू.”

ते बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले असताना काकू खाली आल्या आणि माझ्या तळहातावर एक काळा चौकोनी ठोकळा ठेवला. “हे बघ रे काय आहे. यांच्या शर्टाच्या खिशात होतं, मशीनमध्ये सारखं खडखडत होतं.”

“टक् झालं का रे?” आतून आवाज आला.

मी ठोकळा खिशात टाकला. “नाही काका. परत देऊ?”