खाईल त्याचे पान

कोल्हापुरातील बंगल्यांच्या आवारांत गुलाबी मुसेंडा ज्या ऐटीने उभा असतो, ती ऐट, त्याच्या कित्येक वाणांना फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींची नावे दिलेली आहेत हे ध्यानी घेतले असता, क्षम्य ठरते. त्याचाच सख्खा भाऊबंद जो आपला भूतकेस, तो मात्र राधानगरी-आंबोलीच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य फुलत असल्यामुळे प्रतिष्ठेस पात्र झाला नाही. आणि उपेक्षितांविषयी मला जन्मजात कणव असल्याने, शिवाय रोप फुकट मिळाल्याने, मी त्यास अंगणात दाखलपात्र करून घेतले.

भूतकेस हे बहुवर्षायू झुडूप. पावसाळ्यात त्यास शेंदरी रंगाची चिमुकली फुले येतात. परंतु एवढ्याशा फुलाकडे फुलपाखरांचे लक्ष कसे जावे, या विवंचनेतून निसर्गाने अशी तजवीज केली आहे, की घोसातील एखाद्या फुलाच्या बुडाशी असलेल्या पाच हिरव्या दलांपैकी एकच दल वाढत वाढत चांगले तळहाताएवढे शुभ्र पान होऊन बसते. गुलाबी मुसेंड्याची पाचही दले अशी फुगलेली असतात. आमचा गडी एकावर भागवतो. महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी कुंपणावरून या धवल पानांचा पंचनामा केला आणि निर्णय दिला, "अण्णा, भुरी लागलीय की हो! गंधक मारा की जरा."

मी गंधक मारले नाही, आणि यथावकाश कमांडर नामक फुलपाखराची अळी बिनभाड्याने राहावयास आली. ही अळी पान टोकाकडून खात येते, मधली शीर तेवढी शाबूत ठेवते आणि तिच्यावर स्वतःची विष्ठा व पानांचे कपटे रेशमाने टांगून, त्या अडगळीआड कोणाच्या नजरेस न येता निवांत बसते. कसेल त्याची जमीन हे तत्त्व १९४८च्या कूळकायद्याने आमच्या घराण्यास एकदा शिकवलेच होते. खाईल त्याचे पान, ही त्याची पुरवणी माझ्या वाट्यास आली. वहिवाट सिद्ध झालेल्या कुळास बेदखल करण्याचा अधिकार मालकास उरत नाही, हे जाणून मी सारावसुलीचा नाद सोडला. सौभाग्यवतींनी मात्र चाळण झालेल्या झुडपाकडे पाहून, "बाग कोणाची आणि राबतंय कोण!" एवढाच शेरा मारून दप्तर बंद केले.

पुढे अळीचे फुलपाखरू झाले : तांबूस पंख आणि त्यांवर पांढराशुभ्र पट्टा. शेंदरी फूल, पांढरे पान आणि वर हे पाखरू, असा तांबडा-पांढरा एकाच ताटात वाढलेला पाहिल्यावर अस्सल कोल्हापूरकर किती काळ तटस्थ राहणार? शेजारी स्वतः होऊन फाटकातून आत आले, बराच वेळ उभे राहिले आणि अर्जदाराच्या नम्र स्वरात म्हणाले, "एक फांदी द्या की लावायला. अळी तेवढी वगळून."